एक शिंग तांबडं, एक हिरवं

रंगाऱ्याला रंग कळत नाहीत म्हटलं की लोक हसतात. हसोत बापडे. मला मात्र अजून मान खाली घालावीशी वाटते.

तांबडा आणि हिरवा हे दोन रंग मला वेगळे दिसतच नाहीत. दोन्ही मातकट, सारवलेल्या भिंतीसारखे. लहानपणी पिकल्या मिरच्या तोडायला पाठवलं की मी हिरव्या घेऊन यायचो आणि आईचे धपाटे खायचो. डोळ्यांतच खोट आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती, पिंपरीला नव्या कंपन्या निघत होत्या. त्यातल्या एकीत मी रंगखात्यात चिकटलो. डब्यावर रंगाचं नाव लिहिलेलं असायचं, ते वाचायचं आणि ब्रश बुडवायचा. निभत होतं. त्या नोकरीकडं बघूनच चऱ्होलीच्या सासऱ्यांनी मुलगी दिली होती. खोट कळून नोकरी गेली असती, तर त्यांना कोणतं तोंड दाखवणार होतो?

लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला आम्ही चऱ्होलीला गेलो. सासऱ्यांनी चारचौघांत सांगून टाकलं की जावई कंपनीत रंगारी आहेत, यंदा बैलांची शिंगं तेच रंगवणार. मला घाम फुटला, पण नाही म्हणायला जीभ रेटेना. दोन करवंट्यांत पुडीचे रंग कालवले होते. शिंगांना तांबडा, पाठीवर ठसे उमटवायला हिरवा. करवंटीवर नाव कोण लिहिणार? सहज विचारल्यासारखं करून बायकोकडून तांबडा कुठला ते काढून घेतलं आणि तो उजव्या हाताला ठेवला. एक शिंग रंगवून पाणी प्यायला आत गेलो. कोंबड्या तोंड घालतील म्हणून सासूबाईंनी करवंट्या उचलल्या आणि परत ठेवताना त्यांची अदलाबदल झाली. हे मला नंतर कळलं. मी आपला बाहेर येऊन दुसरं शिंगही मोठ्या ऐटीत रंगवलं.

सासरे आले. त्यांनी आधी बैलाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. उजवीकडची करवंटी पुढं करून हळू आवाजात विचारलं, "जावईबापू, ह्यो रंग कंचा?"

"तांबडा," मी म्हणालो.

त्यांनी करवंटी हळूच खाली ठेवली. त्या ठेवण्यावरून मला सगळं कळलं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तेवढ्यात दारात सासऱ्यांचा शेजारी उभा, आणि तो नेमका माझ्याच खात्यात कामाला. शिंगं बघून तो पोट धरून हसायला लागला. हे काय राव, कंपनीत पण असंच रंगवता का, असं म्हणाला. उद्या ही गोष्ट साहेबापर्यंत जाणार, हे मला दिसायला लागलं.

"हसायला काय झालं?" सासरे म्हणाले. "नवस हाय माझा. मीच तसं सांगितलंय त्यांना."

आणि माझ्या हातातला ब्रश घेऊन त्यांनी दुसऱ्या बैलाचंही एक शिंग तांबडं केलं, एक हिरवं. माणूस माळकरी. खोटं बोलणं म्हणजे त्यांच्या लेखी महापाप, आणि तेही देवाचं नाव घेऊन. त्या दिवशी त्यांनी पुरणपोळीला हात लावला नाही. भूक नाही म्हणाले. मी शेजारच्या पाटावर बसून जेवलो, काय करणार, जावई ना मी!

नोकरी वाचली. पण नवस एकदा बोलला की फेडावा लागतो. दर पोळ्याला ते स्वतः शिंगं रंगवायचे, एक तांबडं, एक हिरवं, आणि तशीच जोडी वेशीत न्यायचे. म्हाताऱ्याला चळ लागला म्हणून अख्खं गाव हसायचं. ते मुकाट बैलांची वेसण धरून चालायचे. मी त्यांच्या मागून जायचो, आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून मीही हसायचो.