वरातीची पानं

"मॅडम, मधली पानं फाडली कोनीतरी. अन् नेमकी मजेचीच!" गावंडे भाऊंनी कादंबरी काउंटरवर आपटली.

अकोल्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. या विनोदी कादंबरीवरचा सिनेमा आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेला. त्यात बँडवाले चुकून दुसऱ्याच लग्नात शिरतात आणि त्यांच्यामागे नवरदेवाची अख्खी वरातही. तो सीन मी पाचदा तरी पाहिला असेल. गावंडे भाऊंना तोच पुस्तकात सापडत नव्हता.

पान गेलं की नाही, हे आकड्यांवरून कळतं. पण आमच्या बाइंडरने कडा कापताना पानांचे आकडेही कापले होते. मग रजिस्टर पाहिलं. याआधी पुस्तक नेलं होतं तायडे काकूंनी. त्या निवृत्त नर्स. पुस्तक फाडलं की कार्ड बंद, हा आमचा नियम. मी लगेच फोन करून तसं कळवूनही टाकलं. माझा उरकच दांडगा!

काकू तासाभरात ऑटोने आल्या. "मी पुस्तक फाडीन? जिंदगीभर पेशंटचे कागद सांभाळले म्या. तुमी वाचलं काय हे पुस्तक?"

"वाचलं ना," मी म्हणाले. चक्क खोटं. काउंटरपाशी चार वाचक उभे होते. ग्रंथपालाने नाही कसं म्हणायचं?

"मंग सांगा, कोनता भाग नाई त्यात?"

"वरातीचा."

काकूंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. कार्ड ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत निघून गेल्या.

ते पाहणं मला झोंबलं. आकडे नाहीत, तर एका पानाचं शेवटचं वाक्य पुढच्या पानाशी जुळतं का, हे बघत जायचं. म्हणजे वाचायचंच. दोन दिवस डब्याच्या सुट्टीत वाचलं. कादंबरीत लग्न रजिस्टर पद्धतीने होतं. बँड नाही, घोडा नाही. सासरा आणि जावई कचेरीच्या बाकावर साहेबाची वाट पाहत बसतात, दहा पानं. त्या दहा पानांत मी इतकी हसले की डबा तसाच राहिला. एकही पान गेलेलं नव्हतं. वरात सिनेमावाल्यांनी घातलेली.

गावंडे भाऊंना सांगितलं, तर म्हणाले, "मंग लिहिनाऱ्यानं तो सीन काहून काढला?"

मी संध्याकाळी काकूंच्या घरी गेले. "काकू, चुकले मी. पुस्तक वाचलंच नव्हतं."

"मले तवाच समजलं. वाचलं असतं तं वरात कायले शोधली असती तुमी?"

"मग तिथेच का नाही बोललात?"

"चार लोक उभे होते ना, मॅडम. तुमची नोकरी हाय तिथं."

मला खरंच रडू आलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं कार्ड दिलं ते काउंटरवर, भर गर्दीत, चूक कोणाची ते मोठ्याने सांगून. आता न वाचलेल्या पुस्तकाबद्दल कोणी विचारलं, की "नाही वाचलं" म्हणते. नोकरी अजून शाबूत आहे.