आधी पेटंट, मग गप्पा

आमच्या धंद्याचा पहिला नियम म्हणजे तोंड बंद ठेवणं. शोध लावलात? अभिनंदन! पण अर्ज दाखल होईपर्यंत कुणाला सांगू नका. चारचौघांत बोललात की तो शोध नवा राहत नाही आणि नवा राहिला नाही की पेटंट मिळत नाही. आता गंमत बघा, हा नियम शिकवणारं आमचं ऑफिस आहे कोलकात्यात! म्हणजे अशा गावात, जिथे बसस्टॉपवर शेजारी उभा असलेला माणूस बस यायच्या आत तुमची नोकरी, तुमचं गाव आणि तुमच्या पोटाच्या तक्रारी विचारून घेतो. मग होतं काय, दिवसभर दाबून ठेवलेली बडबड चहाच्या वेळी बाहेर पडते आणि किस्से साठत जातात. माझ्याकडे तर इतके साठलेत की घरी जेवताना बायको हात वर करते आणि म्हणते, "आधी आमटी संपव."

मी मूळचा नाशिकचा, पेटंटचे मसुदे लिहिणारा. सॉल्ट लेकमधल्या या फर्ममध्ये आलो आणि रमलो. दर हिवाळ्यात आमच्याकडे आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या विद्यापीठांतून प्राध्यापकांची एक छोटी बॅच येते. प्रयोगशाळेतलं संशोधन बाजारात कसं न्यायचं, त्याचे हक्क कसे राखायचे, हे शिकायला. निदान आमच्या माहितीपत्रकात तरी 'शिकायला' असंच छापलेलं असतं.

*

कोर्स चालवतात आमचे बॉस घोषालदा. डोक्याला मंकी कॅप, हातात कायम चहा आणि चेहऱ्यावर कमालीचा भोळेपणा. त्या भोळेपणावर जाऊ नका!

पहिल्या दिवशी ते सगळ्यांना नव्या गुळाचे संदेश, म्हणजे इथली खास मिठाई, खाऊ घालतात आणि लाडीगोडीनं विचारतात, "सांगा ना, काय काय बनवलंय तुम्ही?" हा सापळा असतो. गुप्ततेच्या करारावर अजून कुणाची सही झालेली नसते, त्यामुळे जो बोलेल तो फसला.

एका वर्षी घानाचे मेन्सा सर फसले. सहा फूट उंच आणि आवाज असा की माइक लाजावा. एका झाडाच्या सालीपासून त्यांनी पूड केली होती. ती धान्यात मिसळली की कीड लागत नाही. साल कधी काढायची, कशी वाळवायची, किती भाजायची, सगळं त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं. वर आमचे दोन संदेशही संपवले.

घोषालदांनी शांतपणे चहाचा घोट घेतला. "थँक्यू प्रोफेसर. आता हा शोध आम्हा सगळ्यांचा झाला!"

आता हे गृहस्थ भडकणार, असं मला वाटलं. मेन्सा सर मात्र छताकडे तोंड करून खदाखदा हसले.

"माझ्या गावात तो आधीपासूनच सगळ्यांचा होता. मी प्राध्यापक ना, मला सगळ्यांत शेवटी कळला!"

घोषालदांनी मंकी कॅप काढून त्यांना सलाम केला. मंकी कॅप काढलेले घोषालदा मी तोपर्यंत पाहिले नव्हते.

*

याच बॅचमध्ये युगांडाच्या डॉ. नाकाटो होत्या. ऑफिसात त्यांची लगेच 'नाकाटो-दी' झाली आणि आमच्या घरी 'नाकाटोताई'. बाई बुटक्या, बोलणं मोजकं. पण एकदा नजर रोखली की समोरचा माणूस आपोआप शर्टाची बटणं नीट लावायचा.

त्यांचा विषय होता कसावा, म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद. जमिनीतून काढला की दोन-तीन दिवसांत आतून काळा पडतो. बाजारापर्यंत जाईतो अर्धा माल फुकट. नाकाटोताईंनी एक धुवण शोधून काढलं होतं. त्यात कंद बुडवून काढला की तो कित्येक आठवडे ताजा राहायचा. धुवणात काय आहे, ते मात्र त्यांनी घोषालदांच्या संदेशाला न भुलता पोटात ठेवलं होतं.

एका चतुर्थीला मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. मंजिरीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, साबुदाण्याची खिचडी केली होती. दाण्याचं कूट, मिरची, वरून ओलं खोबरं. ताईंनी एक घास खाल्ला आणि चमचा थांबला.

"हा कसावा आहे?"

"हो! आज आमचा उपास. उपासाला आम्ही हेच खातो," मंजिरी कौतुकानं म्हणाली.

ताई हसल्या. "आमच्याकडे घरात दुसरं काहीच नसेल, त्या दिवशी हे खातात. तुम्ही मुद्दाम खाता?"

मंजिरीनं त्यांच्या ताटात आणखी खिचडी वाढली आणि त्यांनीही ती आवडीनं संपवली.

मग ताई मोकळेपणानं बोलायला लागल्या. त्यांची आई कसावा पिकवते. गावातल्या सगळ्याच बायका पिकवतात. माल काळा पडला की आई तो बांधावर टाकून द्यायची आणि दिवसभर कुणाशी बोलायची नाही. म्हणून तर ताई या संशोधनात पडल्या.

"आता माझी पंचाईत ऐका," त्या म्हणाल्या. "पेटंट घेतलं नाही, तर कुठली तरी मोठी कंपनी उचलून नेईल आणि आम्हालाच विकेल. घेतलं, तर कंपनी रीतसर परवाना घेईल, कारखाना काढेल, धुवण सगळ्या दुकानांत मिळेल. पण मग माझ्या आईला स्वतःच्या मोरीत ते बनवायचं असेल तर कुणाची तरी परवानगी मागावी लागेल. माझ्या शोधासाठी माझ्याच आईला!"



*

मी मराठी असल्याचा घोषालदा पुरेपूर फायदा घेतात. नव्या बॅचला माझी ओळख करून देताना म्हणतात, "हे आमचे बर्गी!" बर्गी म्हणजे एकेकाळी बंगालवर चालून आलेले मराठे स्वार. इथे अजून त्यांचं नाव निघतं. आमच्या सोसायटीतल्या एक आजी तर माझ्याकडे थोड्या जपूनच बघतात!

पेटंटमध्ये आपल्या शोधाची हद्द आखावी लागते. ती शिकवायला घोषालदा बॅचला थेट बागबाजारला नेतात. या बॅचलाही नेलं. गल्लीत रिक्षा, भाजीवाले, ट्रामचे जुने रूळ, आणि मध्येच उभे राहून घोषालदा म्हणाले, "यांच्या पूर्वजांच्या भीतीनं या शहरानं इथून खंदक खणायला घेतला. मराठा डिच!"

"कुठाय?" मेन्सा सर खाली बघायला लागले.

"अर्धाच खणला. उरलेल्या अर्ध्या बाजूनं कुणीही यावं! तुमच्यातले निम्मे लोक पेटंट असंच लिहितात."

"आणि खणलेला अर्धा?"

"बुजवला. वर रस्ता केला. वीस वर्षांनी पेटंट संपतं ना, तेव्हा त्याचंही हेच व्हायला हवं. सगळ्यांना चालायला रस्ता!"

सगळे हसले. नाकाटोताई हसल्या नाहीत. त्या रस्त्याकडे बघत होत्या.

"वीस वर्षं माझी आई थांबणार नाही," त्या हळूच म्हणाल्या.

घोषालदांनी ते ऐकलं. परतताना बसमध्ये ते एक शब्द बोलले नाहीत. कोलकात्यात राहणारा माणूस सॉल्ट लेकपर्यंत गप्प बसतो, म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे मी ओळखलं.

*

ताईंनी अखेर पेटंट घ्यायचं ठरवलं. मसुदा तयार होता, पण त्यांच्या विद्यापीठाची मंजुरी शुक्रवारी आली आणि अर्ज अजून जायचा होता. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आम्ही हावड्याचे छोटे कारखाने बघायला निघालो. लाँचमध्ये ताईंच्या शेजारी एक धोतरवाले गृहस्थ येऊन बसले.

"कुठून आलात?" युगांडा. "काय करता?" प्राध्यापक. "कशाच्या?" अन्नशास्त्राच्या. "विशेष अभ्यास?" कसावा. इथपर्यंत ठीक होतं. मग गृहस्थांनी डोळे बारीक केले.

"कसावा लवकर काळा पडतो, नाही का? मी असतो तर तो धुतला असता. कशानं बरं?" आणि बोटांवर मोजत एकेक पदार्थ सांगायला लागले. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते ते!

मसुदा मी लिहिलेला, धुवणात काय आहे ते मला ठाऊक. तिसरा पदार्थ त्यांनी सांगितला आणि तो बरोब्बर होता!

ताईंनी पापणीसुद्धा हलवली नाही. त्या गंगेकडे बघत म्हणाल्या, "तुमची नदी फार सुंदर आहे."

"नदी? अहो, नदीचं काय विचारता!" आणि गृहस्थ जे नदीवर घसरले ते हावड्याचा धक्का येईपर्यंत. मी मनातल्या मनात या बाईंना साष्टांग नमस्कार घातला.

उतरल्यावर ताईंनी घाबरून विचारलं, "तो माणूस हेर होता का?"

"हेर असता तर परवडला असता," घोषालदा घाम पुसत म्हणाले. "हे रिटायर्ड आहेत. यांना भरपूर वेळ आहे!"

कारखाने राहिले बाजूला. आम्ही त्याच पावली परत फिरलो आणि संध्याकाळच्या आत ताईंचा अर्ज ऑनलाइन दाखल झाला.

*

पुढच्या हिवाळ्यात ताई पुन्हा आल्या, या वेळी करारासाठी. आफ्रिकेत कारखाना काढू पाहणाऱ्या इथल्या एका स्टार्च कंपनीनं धुवण तपासून पाहिलं होतं आणि त्यांना परवाना हवा होता. विद्यापीठानं अटी ठरवायचं काम ताईंवरच सोपवलं होतं.

आमच्या मीटिंग रूममध्ये सगळे बसले. कंपनीचे मालक सज्जन होते. त्यांच्या वकीलबाई चतुर होत्या, कामाला पक्क्या. दुपारपर्यंत सगळं जमलं. शेवटी ताईंनी आपली एकच अट मांडली. लहान शेतकरी बायकांना हे धुवण घरी बनवायची आणि वापरायची मोकळीक हवी, फुकट आणि कायमची.

"मंजूर!" मालक लगेच म्हणाले.

"थांबा," वकीलबाई म्हणाल्या. "लहान शेतकरी म्हणजे कोण? व्याख्या द्या. नाहीतर उद्या मोठे व्यापारीही लहान होऊन येतील."

मी म्हटलं, जमिनीवरून ठरवू. ताई म्हणाल्या, "जमीन बायकांच्या नावावर नसतेच." घोषालदा म्हणाले, उत्पन्नावरून. ताई म्हणाल्या, "त्याचा कागद कोण देणार?" मालकांनी सरकारी दाखला सुचवला. ताईंनी नुसती नकारार्थी मान हलवली.

असा तास गेला. चहा झाला, सिंगाडे, म्हणजे इथले सामोसे, झाले. अखेर वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं.

"मॅडम, व्याख्या नसेल तर हे कलम मला काढावं लागेल."

मी घोषालदांकडे पाहिलं. घोषालदा टेबलाकडे बघत होते. 

ताई उठून खिडकीपाशी गेल्या. मग वळून म्हणाल्या, "लिहून घ्या. जी बाई आपला कसावा आपल्या डोक्यावरून बाजाराला नेते, ती."

वकीलबाईंनी ते लिहून घेतलं आणि वाचलं. पुन्हा वाचलं. त्यातून पळवाट कुठे निघते का, ते त्या शोधत होत्या. 

"हे चालेल," त्या शेवटी म्हणाल्या. मग वकिलाचा स्वभाव, राहवेना. "पण समजा, पुढेमागे तिनं ट्रक घेतला तर?"

"ट्रक घेतला तर?" ताईंचा सगळा चेहरा उजळला. "तर तिच्याकडून जरूर पैसे घ्या! आणि आधी मला कळवा. मी नाचायला येईन!"

घोषालदांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "टाइप कर."

"सगळं?"

"सगळं."

वकीलबाईंनी हरकत घेतली नाही. मालकांनी सही केली. ते कलम आज त्या करारात जसंच्या तसं आहे, नाचण्यासकट.