तासाभरात विकली गेलेली गाडी

चौतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातले बरेचसे आता विसरूनही गेलो. पण पोलादपूरची एक साधी गाडीचोरीची तक्रार, जी धड गुन्हा म्हणून दाखलही झाली नाही, ती मात्र डोक्यातून जात नाही. पोलादपूर ही निवृत्तीच्या आधीची माझी शेवटची नेमणूक. आषाढ चालू होता, गुरुवारचा दिवस होता आणि आमच्या पोलीस ठाण्याच्या पत्र्यावर पाऊस असा वाजत होता, की बिनतारी यंत्रावरचं बोलणंही ऐकू येईना.

सकाळी दहाच्या सुमारास दोन म्हातारे आत आले. एक महाडचे निवृत्त शिक्षक. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, पंचाहत्तरीच्या आसपासचं वय. त्यांना सगळे मास्तर म्हणत. दुसरे पोलादपूरजवळच्याच वाडीतले शेतकरी, तात्या. खुब्याचं हाड मोडल्यामुळे काठी टेकत चालणारे. मास्तर पुढे, तात्या दोन पावलं मागे.

"माझी गाडी चोरीला गेली आहे. तक्रार लिहून घ्या," मास्तर म्हणाले. वर्गात हजेरी घेतात तसा आवाज.

महाडला राहणाऱ्याला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. पावसाळ्यात नदीचं पाणी बाजारपेठेत शिरण्याची धास्ती असते, म्हणून महाडकर आपली गाडी आधीच उंचावर नेऊन ठेवतात. कुणी नाते गावच्या पाहुण्यांकडे, कुणी आणखी कुठे. किल्लीही तिथेच ठेवायची, कारण गाडी आडवी आली तर घरच्यांना हलवता यायला हवी. मास्तरांची गाडी दर पावसाळ्यात तात्यांच्या अंगणात असे आणि किल्ली तात्यांच्या देवघरातल्या खुंटीला. चोराची इतकी उत्तम सोय आमच्या तालुक्याशिवाय कुठे होत नसेल!

तात्या म्हणाले, "काल सकाळी उठून बघतो तर गाडी नाय." मग लगेच मास्तरांकडे वळून, "जाऊ दे ना मास्तर. जुनीच तर होती. उगा साहेबांना कशाला तरास?"

ज्याच्या अंगणातून गाडी जाते तो माणूस तक्रार नको म्हणतो, हे मी तिथल्या तिथे मनात टिपून ठेवलं.

मास्तर मात्र ऐकेनात. गाडी चौदा वर्षांची, लहानशी, राखाडी. तिची किंमत त्यांनी एकदाही सांगितली नाही. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "साहेब, दर गुरुवारी मी तात्याला घेऊन आंबेनळी घाट चढतो. ह्याला एसटीची पायरी चढता येत नाही, जीपमध्ये बसता येत नाही. ती गाडी नसेल तर आमचा गुरुवार गेला."

पुढे हळूहळू कळलं ते असं. मास्तरांची पहिली नेमणूक तात्यांच्या वाडीतल्या शाळेवर होती. तात्यांनी पडवीतली खोली राहायला दिली, तेव्हापासूनची ही मैत्री. मास्तरांची पत्नी वारली, मुलगा पुण्याला नोकरीला. तात्यांची मुलगी लग्न होऊन विरारला. त्यामुळे दोघांच्या आठवड्यात बोलण्यासारखा दिवस एकच उरला होता. घाटात एका टपरीसमोर गाडी लावायची, गाडीतच बसून चहा घ्यायचा, दरीकडे बघत दोन तास बोलायचं आणि जेवणाच्या वेळेला परत यायचं. बस्स, एवढंच.

जबाब टाईप करून मी पुढे ठेवला. "वाचून सही करा." त्यांनी कागद थोडा तिरका धरला, "वाचला" म्हणाले आणि सही केली. सही सुरेख होती, पण रेघेच्या चांगली बोटभर वर पडली होती. तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही.

तपासाला मी आमचे जुने हवालदार बरोबर घेतले. हायवेवरच्या पेट्रोलपंपाच्या कॅमेऱ्यात गाडी दिसली. मंगळवारी दुपारी, लख्ख उजेडात, मुंबईच्या दिशेने चाललेली. म्हणजे "काल सकाळी गाडी नाय" हे तात्यांचं बोलणं खोटं होतं. संध्याकाळी एक गॅरेजवाला स्वतःहून ठाण्यात आला. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "साहेब, माझं नाव कुठं घालू नका. ती गाडी चोरीला नाय गेली. मंगळवारी तात्यांनीच मला बॅटरी चालू करायला बोलावलं. थितं एक टी-शर्टवाला माणूस हुता. गाडीच्या चारी बाजूनी मोबाईलवर फोटो काढत हुता, पत्रा ठोकून बघत हुता. तासाभरात गाडी घेऊन गेला पण."

तो टी-शर्टवाला म्हणजे कोण, हे आमच्या ठाण्यातल्या तरुण शिपायाने ओळखलं. हल्ली मोबाईलवरून जुनी गाडी ताबडतोब विकत घेणाऱ्या कंपन्या आहेत. आपण माहिती भरायची, त्यांचा माणूस घरी येतो, गाडी तपासतो, तिथल्या तिथे बोली लागते, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगितला की व्यवहार पक्का. कंपनीला नोटीस धाडली. दुसऱ्या दिवशी कागद आले. हस्तांतराच्या अर्जांवर मास्तरांची अस्सल सही होती. ओटीपी मास्तरांच्याच मोबाईलवर गेला होता. आणि त्यांच्या नोंदीत आणखी एक गोष्ट होती. तो आकडा दोनदा चुकीचा भरला गेला होता, तिसऱ्यांदा बरोबर.

मी तात्यांना चौकशीला बोलावलं. माझी एक पद्धत होती. समोरच्याला आधी चहा द्यायचा आणि तो संपेपर्यंत काही विचारायचं नाही. खोटं बोलायला आलेल्या माणसाला ती शांतता सोसत नाही. तात्यांनी कप अर्धाच ठेवला.

"साहेब, मीच इकली ती गाडी. मला आत घाला."

"कशासाठी विकली?"

"पैशासाठी."

"पैसे तर मास्तरांच्याच खात्यावर गेलेत, तात्या."

तात्यांनी अर्धा राहिलेला कप पुन्हा जवळ ओढला.

"बरं, कागदावर मास्तरांची सही कुणी केली?"

"मीच."

मी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. "करून दाखवा."

तात्यांनी पेन मुठीत धरलं. एक अक्षर काढलं, दुसरं काढायला गेले आणि पेन खाली ठेवून ढसाढसा रडायला लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस असा रडताना मी फारसा पाहिलेला नाही. हवालदार उठून बाहेर गेले.

मग सगळं बाहेर आलं. मास्तरांना काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून बजावलं होतं आणि मास्तरांनी ते सगळ्यांपासून लपवलं होतं. चैत्रात एका गुरुवारी आंबेनळीच्या एका वळणावर गाडी रस्ता सोडून दरीकडे गेली. तात्यांनी स्टेअरिंगला हात घालून ती वळवली. मास्तरांना काय झालं ते कळलंसुद्धा नाही. तात्यांनी आणखी दोन महिने कुणाला काही सांगितलं नाही, दर गुरुवारी जीव मुठीत धरून शेजारी बसत राहिले. शेवटी न राहवून त्यांनी पुण्याला मुलाला फोन केला. मुलाने विम्याचे कागद म्हणून सह्या घेतल्या, विम्याचा म्हणून फोनवर ओटीपी विचारून घेतला. मास्तरांनी तो आकडा दोनदा चुकीचा वाचला होता. मुलगा रविवारी येऊन वडिलांना सगळं सांगणार होता. एवढ्या पावसात मास्तर गुरुवारी येणार नाहीत, असं दोघांनी गृहीत धरलं. मास्तर मात्र एसटीने आले, आणि गाडी कुठे म्हणून विचारलं तेव्हा तात्यांच्या तोंडून चोरीला गेली असं निघून गेलं.

"साहेब, येक इनंती हाय," तात्या म्हणाले. "पोरानं इकली येवढंच मास्तरला सांगा. मी पोराला फोन केला ते नको. पोराशी भांडल, पोरगा हाय, परत जवळ घेईल. माझं तसं नाय."

मी म्हणालो, "बघतो."

बघतो म्हणालो, पण पाहिलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या तपासाचा अभिमान वाटत होता. दोन दिवसांत, एकही काठी न उगारता, सगळी गाठ सोडवली होती. तक्रारदाराला तपासाचा निष्कर्ष कळवणं हा नियमही माझ्या बाजूने होता. मी मास्तरांना बोलावलं, मुलालाही पुण्याहून बोलावलं, आणि तात्यांचा जबाब पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. तात्या बाकावर बसले होते. एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून सोडत नाही.

मुलगा वडिलांच्या पाया पडला. मास्तरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग ते तात्यांकडे वळले.

"दोन महिने माझ्या शेजारी बसून माझ्याशी गप्पा मारत होतास. आणि मनात मला आंधळा समजत होतास?"

"मास्तर, तसं नाय हो..."

"मला सांगायचं होतंस. मुलाला नव्हे. मला."

गुन्हा घडलेला नाही असा शेरा मारून मी अर्ज निकाली काढला. गाडी तोपर्यंत दुसऱ्या कुणाला तरी विकलीही गेली होती, आणि मास्तरांनी ती परत मागितली नाही. तात्या म्हणाले होते तसंच झालं. मुलाशी मास्तरांचं महिन्याभरात सुरळीत झालं. पोलादपूरला मात्र ते पुन्हा आले नाहीत. एसटी होती, रस्ता होता, अर्ध्या तासाचं अंतर होतं. तात्या काठी टेकत हायवेवरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसायचे. मी जीप थांबवून विचारलं, तर म्हणायचे, "काय नाय साहेब, पाय मोकळं करायला आलो." पुढे मुलगी त्यांना विरारला घेऊन गेली. घराला कुलूप लागलं.

मी निवृत्त होऊन महाडलाच स्थायिक झालो. मास्तर कधीतरी बाजारात भेटत, कुणाचा तरी हात धरून चाललेले. मी आवाज दिला की ओळखत. दोन वर्षं आम्ही हवापाण्याचंच बोललो. पण गेल्या पावसाळ्यानंतर एकदा औषधाच्या दुकानाबाहेर त्यांनी माझं मनगट धरलं.

"साहेब, ते वळण कोणतं होतं?"

कोणतं वळण, हे मी विचारलं नाही. "जबाबात तेवढं नेमकं लिहिलेलं नव्हतं," मी म्हणालो. "तात्यांनाच माहीत."

त्यांनी मनगट सोडलं नाही. "तुमची गाडी आहे ना?"

दोन दिवसांनी सकाळी आम्ही निघालो. पोलादपूर मागे टाकून घाटाला लागलो, तेव्हा मी रस्त्याच्या कडेला थांबून तात्यांचा नंबर लावला आणि फोनचा स्पीकर चालू केला. मास्तर आधी बोलेचनात. पलीकडून "हॅलो, कोन? कोन बोलतंय?" चाललं होतं.

"तात्या, मी आंबेनळीत आलोय," मास्तर शेवटी म्हणाले.

पलीकडून एकदम घाईघाईत प्रश्न आला, "गाडी कोन चालवतंय?"

"साहेब."

"मग ठीक हाय. साहेब, सावकाश घ्या. पाण्याचं टाकं लागलं का?"

विरारच्या कुठल्या तरी इमारतीतून तात्या आम्हाला घाट सांगत होते. टाकं लागलं, मग रस्त्याखालची मोरी लागली, मग रस्त्यावर कललेला आंब्याचा बुंधा. "आता डाव्या अंगाला कठडा असेल, थितं थांबा. हितंच, मास्तर."

मास्तर दार धरून खाली उतरले. मी फोन घेऊन शेजारी उभा राहिलो.

"तुमचं चाक मातीवर गेलं हुतं," तात्या सांगू लागले. "मी वरडलो नाय, तुमी दचकाल म्हनून. नुसता स्टेरिंगला हात लावला. तुमी इचारलंत, काय झालं रे? मी म्हटलं, माशी बसली हुती."

मास्तरांनी कठडा चाचपला आणि दोन्ही हात त्यावर ठेवून उभे राहिले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "माझं चुकलं, तात्या," ते म्हणाले.

"असूं दे वो. खाली काय दिसतंय ते सांगा. हितं खिडकीतून समोरच्या बिल्डिंगीचे वाळत घातल्याले कपडे तेवढे दिसतात."

मास्तरांनी दरीकडे तोंड केलं आणि सांगायला लागले. नाचणी पिवळी पडली आहे. खालच्या वाडीत कुणाच्या तरी चुलीचा धूर वर येतोय. नदी ऊन लागून चमकतेय. पलीकडच्या डोंगराच्या धारेवर गुरं आहेत, पाच असतील, नाही, सहा. मी खाली पाहिलं. दरी काठोकाठ धुक्याने भरली होती. पांढऱ्याशिवाय काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

तात्या ऐकत होते. मग त्यांनी मला हाक मारली. "साहेब, मास्तर सांगतायत तसंच हाय ना?"

चौतीस वर्षं मी खरं काय ते शोधून काढलं आणि ज्याला त्याला वाचून दाखवलं. कुणाला काय ऐकायचं आहे आणि कुणाला काय झेपणार आहे, हे विचारायला कुठल्याच नियमाने सांगितलं नव्हतं, आणि मी आपणहून कधी विचारलं नाही. ह्या दोन म्हाताऱ्यांची दोन वर्षं त्यात गेली. ती मला परत देता येत नाहीत.

"हो तात्या," मी म्हणालो. "अगदी तसंच आहे. गुरं मात्र सात आहेत."