पाय टेकला की परत

चँडलरला राहायला आलो त्याच महिन्यात मी एका निवडुंगावर बसलो.

पडलो असतो तर निदान सांगायला बरं वाटलं असतं. पण नाही, व्यवस्थित बसलो. चढावर दम लागला, सायकल बाजूला घेतली, मागे एक लोकर पांघरल्यासारखं मऊ दिसणारं झुडूप होतं, त्यावर टेकलो. त्या झुडपाला इथे चोया म्हणतात. त्याचे काटेरी गोळे नुसता स्पर्श झाला तरी अंगाला चिकटतात आणि हाताने काढायला गेलं की हाताला चिकटतात. मी हाताने काढायला गेलो.

"हलू नको," मागून आवाज आला.

माझ्यासोबत आलेल्या काकूंनी पँटच्या मागच्या खिशातून एक काळा कंगवा काढला. "हात वर कर. दोन्ही. अन् आता कुठेच लावून नको राहू." मग भर ट्रेलवर, येणार्‍याजाणार्‍यांच्या देखत, साठी उलटलेल्या त्या बाईंनी माझ्या पार्श्वभागावरून कंगवा फिरवत एकेक गोळा उडवायला सुरुवात केली. दोन अमेरिकन तरुण सायकलवरून आले, थांबले, "गुड मॉर्निंग, मॅम," म्हणाले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. त्यांचं ते न बघणं मला काट्यांपेक्षा जास्त टोचलं.

"पुण्याचा न तू?" काकूंनी विचारलं.

"हो."

"तरीच. बसायच्या आधी विचारत नाही तुम्ही लोक."

मी त्याआधी सहा वर्षं अमेरिकेच्याच पूर्वेकडे एडिसनला होतो. तिथे आमचा सायकलवाल्यांचा छान कंपू होता. ओली जंगलं, झाडांची मुळं, चिखल, आणि राइड संपली की ओक ट्री रोडवर डोसा. नोकरीने उचलून इथे ॲरिझोनाच्या वाळवंटात आणून टाकलं, तेव्हा बायकोने घर लावलं, मुलीने शाळेत मैत्रिणी जमवल्या, आणि मी रोज संध्याकाळी फोनवर ट्रेलचे नकाशे बघत बसलो. नकाशे भरपूर होते, सोबत कोणी नव्हतं. पहिल्याच आठवड्यात हिंमत करून एकटा गेलो तो मे महिन्यात सकाळी अकराला. वाटेत भेटलेल्या प्रत्येक सायकलस्वाराचं तोंड घराकडे होतं. मला वाटलं, चला, गर्दी ओसरली. अर्ध्या तासात पाणी संपलं आणि सायकल ढकलत परत आलो, तेव्हा पार्किंगमध्ये फक्त माझी गाडी उरली होती.

म्हणून मग मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "शनिवारी पहाटे साडेपाचला माउंटन बायकिंग. कोण येणार?"

तुम्ही परदेशातल्या अशा एखाद्या ग्रुपवर असाल तर पुढचं तुम्हाला सांगायला नको. पाच मिनिटांत अंगठेच अंगठे. मग एकीने विचारलं, नाश्त्याला काय? दुसरीने उपम्याचं अंगावर घेतलं. कोणाच्या मुलाचा गणिताचा क्लास होता म्हणून साडेपाचचे नऊ झाले. ऊन लागेल म्हणून ट्रेलच्या ऐवजी जवळच्या बागेतली छप्पर असलेली टेबलं ठरली. शुक्रवारी रात्री शेवटचा मेसेज आला, त्यात माझ्या मूळ मेसेजातलं एकच काही शिल्लक होतं, तेही असं: "सायकल ऐच्छिक."

शनिवारी बागेत अख्खं गाव जमलं होतं. तीन प्रकारचा उपमा होता. क्रिकेटची बॅट होती. सायकलचं हेल्मेट घातलेला मी एकटा, हातात कागदी बशी घेऊन उभा. लहान मुलं माझ्याभोवती जमून हेल्मेट वाजवून बघत होती.

तेवढ्यात एक जुनी कोरोला आली. मागे सायकल बांधलेली. खाली उतरल्या त्या ह्या काकू. पांढरे केस घट्ट बांधलेले, कोपरापर्यंत धूळ बसलेली. त्या सकाळीच एक राइड उरकून आल्या होत्या.

"तूच का तो मेसेजवाला? हे लोक खाऊन राहिले, खाऊ दे. उद्या पाच वाजता ये. अन् पाणी दुप्पट आण."

दुसर्‍या दिवशी पाचला मी हजर झालो. सहाच्या आत निवडुंगावर बसलो. आमची ओळख ती अशी.

काकू मूळच्या नागपूरच्या. उन्हाची त्यांना किंमतच नव्हती. मी तापमान सांगायला लागलो की म्हणायच्या, "एवढ्या उन्हात आमच्याकडे लग्नं लागतात. दुपारी. जेवणावळीसकट." काका काही वर्षांपूर्वी गेले. काकूंनी सगळी नोकरी कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात केली होती, पायापासून डोक्यापर्यंत पांढर्‍या सूटमध्ये, जिथे धुळीचा कण दिसला तरी धावपळ होते. निवृत्त झाल्या आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी एक वापरलेली माउंटन बाइक घेतली. का, असं मी एकदा विचारलं.

"इतकी वर्षं अंगावर धूळ बसू नाही दिली न," त्या म्हणाल्या. "आता वसूल करून राहिली."

खरंच, घरी जाताना त्या अंग झटकत नसत. तशाच धुळीत मंडळाच्या भजनाला जात. मागच्या रांगेतल्या बायका जरा सरकून बसत.

त्यांचा एक नियम होता. ट्रेलवर एका ठिकाणी खडकांच्या चढत्या पायर्‍या आहेत. इथल्या लोकांचं त्याला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव आहे. काकू त्याला जिना म्हणत. जिना सायकलवरून उतरल्याशिवाय चढायचा, आणि मध्ये पाय जमिनीला लागला तर तिथून पुढे जायचं नाही. खाली यायचं, अगदी पहिल्या दगडापाशी, आणि पुन्हा सुरू करायचं.

"काकू, अर्ध्यापर्यंत तर आलोच आहोत," मी एकदा म्हणालो.

"पाय टेकला न?"

"टेकला. पण जरासाच."

"परत."

हा नियम त्यांनाही लागू होता, आणि त्यांचा पाय दर खेपेला टेकत होता. तिसर्‍या पायरीवर पुढचं चाक उचलायला लागतं, तिथे गुडघा दगा द्यायचा. त्या शिवी दिल्यासारखं "बाप्पा" म्हणायच्या, सायकल वळवायच्या आणि खाली यायच्या. मी त्यांना इंटरनेटवर पाहिलेलं बरंच तंत्र समजावलं. वजन कुठे टाकायचं, नजर कुठे ठेवायची. त्या सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "तू चढला का?" मी चढलो नव्हतो.

असा उन्हाळा गेला. काकूंमुळे मला ट्रेलवर चार लोक ओळखायला लागले. सुरुवातीला "ते चोयावाले" म्हणून, नंतर नावाने. शनिवार उजाडायची मी वाट बघायला लागलो. नव्या गावात हे केवढं असतं, ते गाव सोडलेल्यांना विचारा.

मग सप्टेंबरात एका उतारावर काकू पडल्या आणि मनगट मोडलं. त्यांची मुलगी दूर पूर्वेला हर्नडनला असते, इथेच जन्मलेली, वकील. तिला बाळ होणार होतं. तिने दोन निर्णय एकदम जाहीर केले: आईने चँडलरचं घर विकून तिच्याकडे राहायला यायचं, आणि सायकल आणायची नाही. हे संभाषण पार्किंगमध्ये स्पीकरवर झालं, म्हणून मला ऐकायला मिळालं. काकूंच्या हाताला प्लास्टर होतं आणि फोन मी धरला होता.

"आई, यू आर सिक्स्टी-सिक्स."

"हौ, माहीत आहे मला. मी तिथेच होती."

"आई, आय ॲम सीरियस. तू पुन्हा पडशील. आय कान्ट हॅव दॅट कॉल. नॉट अगेन. बाबांच्या वेळी कॉल मलाच आला होता."

मी फोन धरून आकाशाकडे बघत राहिलो.

"मग मी तिथे येऊन काय करू?" त्यांनी विचारलं. "खिडकीत बसू?"

मग मुलगी म्हणाली, "तो तुझा जिना आहे ना? न थांबता, न पडता चढून दाखव. दाखव की यू आर इन कंट्रोल. व्हिडिओ पाठव. नो व्हिडिओ, नो बाइक."

वकिलाने वकिलासारखी अट घातली होती. मला वाटतं, तिला खात्री होती की हे होणार नाही. खरं सांगायचं तर मलाही होती.

प्लास्टर निघालं त्या शनिवारी काकू ट्रेलवर हजर. डॉक्टरने काय सांगितलं, असं मी विचारलं. "सांभाळून म्हणाला. मी सांभाळूनच आली, गाडी हळू चालवली." घर विकलं गेलं होतं. ट्रकची तारीख ठरली होती. दर शनिवारी सामान कमी होत होतं आणि जिना होता तेवढाच होता. काकू दर वेळी तीनदा प्रयत्न करायच्या, चौथ्यांदा गुडघा नाही म्हणायचा. मग गाडीच्या डिकीत बसून त्या गुडघ्याला तेल चोळायच्या आणि वर जिन्याकडे बघत राहायच्या, भाजीवाल्याने जास्त भाव सांगितल्यासारख्या.

शेवटचा शनिवार आला. हवा थंड होती, खडक कोरडे होते. मी वरच्या टोकाला फोन घेऊन उभा राहिलो. आदल्या रात्री मी फोनच्या व्हिडिओची सगळी सेटिंग्ज बघून ठेवली होती, हे मुद्दाम सांगतो.

पहिल्या वेळी त्या तिसर्‍या पायरीला आल्या आणि मला राहवलं नाही. "सांभाळून, काकू!" मी ओरडलो. त्यांनी दचकून वर बघितलं. पाय टेकला.

"काऊन बोलला रे मधात?"

"प्रोत्साहन म्हणून."

"ते घरी जाऊन दे." आणि सायकल वळली.

दुसर्‍या वेळी चाक घसरलं. काकू खाली उभ्या राहून गुडघा दाबत होत्या. चेहर्‍यावर काहीच नव्हतं. मी हाक मारून म्हणालो, "काकू, पाच मिनिटं बसा." त्यांनी ऐकलं नाही. हँडल धरलं, मान खाली घातली आणि निघाल्या.

पहिली पायरी. दुसरी. गिअर खटकन बदलला. तिसर्‍या पायरीला पुढचं चाक उठलं, दगडाच्या कडेवर टेकलं, आणि क्षणभर सगळंच थांबलं, सायकल, काकू, माझा श्वास. मग त्यांनी पेडलवर असं वजन टाकलं की घशातून एक आवाज निघाला, आणि चाक वर आलं. चौथी. पाचवी. त्या माझ्या अंगावरच येत होत्या. "बाजूला हो!" मी बाजूला झालो. माझ्या शेजारून धूळ उडवत त्या वर निघून गेल्या, सपाट जागेवर पोहोचल्या आणि तेव्हा कुठे, अगदी हक्काने, दोन्ही पाय टेकले.

मी धावत गेलो. त्या हसत होत्या, आणि हसताना गालावरची धूळ तडकत होती. "दाखव," त्या म्हणाल्या.

मी दाखवलं.

व्हिडिओत मी होतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत. फोनचा पुढचा कॅमेरा चालू राहिला होता, आणि मी काकूंकडे बघत होतो, स्क्रीनकडे नाही. आदल्या रात्री मी सेटिंग्ज तपासताना स्वतःवरच करून बघितली होती.

काकूंनी पूर्ण व्हिडिओ बघितला. माझा चेहरा आधी कामकाजी. मग तोंड हळूहळू उघडत गेलेलं. मग भुवया केसांपर्यंत. मग डोळे गच्च मिटलेले. त्यानंतर असं काहीतरी, ज्याला काय म्हणतात मला माहीत नाही, नाकातून पाणी, ओठ थरथरत. आणि मागून खडीचा आवाज, गिअरचा खटका, काकूंचा श्वास, "बाजूला हो!"

"तू दिसून राहिला," त्या म्हणाल्या.

"हो."

"पूर्ण."

"काकू, अजून एकदा..."

त्यांनी वाकून गुडघ्यावर हात ठेवला. बराच वेळ. "नाही म्हणते तो," त्या म्हणाल्या. मला शिवी दिली असती तर मी आनंदाने घेतली असती. त्यांनी दिली नाही. "पाठव तसाच. आवाज तर माझाच आहे."

मी पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसर्‍या दिवशीही नाही.

काकू हर्नडनला गेल्यानंतरच्या शनिवारी मी एकटाच जिन्यावर गेलो. दुसर्‍या पायरीवर पाय टेकला. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी सायकल वळवली आणि खाली पहिल्या दगडापाशी आलो. अजूनही येतो. अजून चढलेलो नाही.

पण त्या गेल्या त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. मी सामान उचलायला मदत म्हणून गेलो. दोन कुंड्या फोडल्यावर मला खुर्ची देऊन बसवण्यात आलं. ट्रक दारात होता. वाटून टाकायच्या वस्तूंचा ढीग एका बाजूला लावला होता: मायक्रोवेव्ह, सतरंज्या, काकांची गोल्फची पिशवी. आणि शेवटी भिंतीला टेकून सायकल, धुळीसकट. काकू तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या हमालांना मिक्सर कसा धरायचा ते शिकवत होत्या, गरजेपेक्षा मोठ्या आवाजात.

मुलगी आदल्या रात्री विमानाने आली होती. ती घरातून बाहेर आली, पोटावर एक हात ठेवून. मला बघून थांबली. बराच वेळ बघत राहिली. कोर्टात साक्षीदाराकडे बघत असेल तशी.

मी उठून उभा राहिलो. "व्हिडिओचं सॉरी," मी म्हणालो. "पण काकू खरंच चढल्या. पाय नाही टेकला. शपथ घेऊन सांगतो."

ती ढिगापाशी गेली, सायकलचं हँडल धरलं आणि ढकलत ट्रककडे नेली. हमालाला म्हणाली, "धिस गोज टू." मिक्सर शिकवणारा आवाज एकदम बंद झाला.

मग ती माझ्याकडे वळली. तिला मराठी मोजकंच येत होतं, आणि जेवढं येत होतं तेवढं आईची बोलणी खाऊन आलेलं.

"शपथ नको, अंकल. एवढं बावळट तोंड कोणी मुद्दाम करू शकत नाही."