पोफळीला बांधलेलं टोक

श्रीवर्धनजवळच्या एका गावात कमळ एकटी राहते, पण तिच्या दारची कपड्यांची दोरी पाहाल तर म्हणाल, घराचं नुसतं गोकुळ झालंय. चादरी काय, गोधड्या काय! मुलगा धनेश उरणला ट्रकांच्या धंद्यात, सून नेत्रा आणि नात आरोही तिकडेच. ती मंडळी कधी येतील त्याचा नेम नाही आणि बंद खोलीतल्या अंथरुणाला कुबट वास लगेच लागतो. म्हणून बाई दर पंधरा दिवसांनी सगळं धुऊन काढते.

गोधडी पिळायला माणसं लागतात दोन. नवरा होता तोवर दुसरं टोक तो धरायचा. तो गेल्यापासून कमळ ते टोक परसातल्या पोफळीला बांधते आणि एकटीच पीळ घालते. पोफळ धरते घट्ट, पण बोलत नाही.

मग व्हायचं तेच झालं. कोपरापासून मनगटापर्यंत हात ठणकायला लागला, चहाचा कप उचलवेना. डॉक्टरांनी हाताला पट्टी बांधली आणि बजावलं, "पिळायचं काम बंद. नाहीतर हात कामातून जाईल." कमळ "व्हय" म्हणाली, आणि घरी येऊन गोधड्या भिजवल्या. धनेश शिमग्याला येणार होता ना! डॉक्टरांकडे थोडंच कोणी राहायला येणार होतं?

मंडळी आली. पालखी अंगणात नाचली, कमळला भरून आलं. पालखीमागे सगळा गाव पुढच्या वाडीवर गेला. जेवणं आटपल्यावर धनेश म्हणाला, "आई, किनाऱ्यावर रूम घेतलीय. आरोहीला एसीशिवाय झोप येत नाही. आणि तुझा हात दुखतोय, तुला अंथरुणांचा त्रास नको."

"बरं केलंस," कमळ म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

सकाळी ते तिकडूनच उरणला गेले. घातलेल्या अंथरुणांवर एक सुरकुती नव्हती. कमळ तिथेच बसून पोटभर रडली.

एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या नीराबाईची हाक आली, "कमळे, झोपली का गं पोरं नीट?"

"झोपली की. आरोही तर उन्हं येईस्तोवर उठली न्हाय."

आता असं बोलून बसल्यावर दोरी रिकामी कशी ठेवायची? पाहुणे गेले की अंथरुणं धुऊन वाळत पडतात, नीराबाई बघणारच. कमळने त्या स्वच्छ गोधड्या पुन्हा बादलीत बुडवल्या, एक टोक पोफळीला बांधलं आणि दुखऱ्या हाताने पीळ घातला.