कच्चं खाणारी स्वयंपाकीण

बस डेपोच्या कँटीनमध्ये रोज दुपारी शंभरेक माणसं जेवायची. त्या सगळ्यांचं रांधणारी आक्का स्वतः मात्र काकड्या, गाजरं, मोड आलेले मूग आणि फळं यांवर राहायची. नवा ड्रायव्हर आला की जुने त्याला हे मुद्दाम सांगायचे. त्याचा हात घासासकट थबकायचा. "हिचं रांधलेलं हिलाच नको? मग आपण का खातोय?"

आक्का खिडकीतून डाव उगारायची. "खा रे गुमान! न्हावी स्वतःचे केस स्वतः कापतो का?"

याची सुरुवात काही कुठल्या व्रताने झाली नव्हती. एका उन्हाळ्यात स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा बंद पडला. सकाळपासून चार शेगड्यांसमोर उभं राहून आक्काचा जीव इतका उबगला, की दुपारी वाफाळता भात पुढे आला आणि तिने ताट सरकवून दिलं. तिची धाकटी जाऊ तिच्याच हाताखाली भाज्या चिरायला होती. जावेच्या पाटावर कोबी, टोमॅटो, गाजर असं बरंच चिरून पडलं होतं. आक्काने त्यातलं मूठमूठ उचललं, वर लिंबू पिळलं आणि स्टुलावर बसून खाल्लं. त्या दुपारी तिला पेंग आली नाही. दुसऱ्या दिवशीही तिने तेच केलं. पंखा दुरुस्त झाला, पण आक्काचं खाणं काही पूर्वपदावर आलं नाही. हळूहळू अंग हलकं झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जाताना ती मधल्या जिन्यात टेकायची, ते बंद झालं.

नवरा डेपोतच मेकॅनिक होता. तो म्हणायचा, "लग्न माणसाशी केलं होतं, घरात ससा निघाला."

"सशाला निदान कपडे धुवायला लावत नाहीत," आक्का म्हणायची, आणि त्याच्या ताटातला तळलेला बटाटा खुशाल उचलून तोंडात टाकायची. तिला त्यात काही वावगं वाटत नसे. बरंचसं कच्चं, थोडंसं शिजलेलं, सकाळी एक कप चहा. असं छान चाललं होतं.

मग त्यात मिठाचा खडा पडला. डेपोसमोरच्या वाचनालयात दर रविवारी एक मंडळ जमायचं. शिजवलेल्या अन्नाला अजिबात न शिवणारी माणसं. निवृत्त चित्रकला शिक्षक त्यांचे प्रमुख. सगळे त्यांना मास्तर म्हणत. आक्काबद्दल कळल्यावर त्यांनी तिला आग्रहाने बोलावलं.

"तुम्ही पूर्ण कच्चं खाता?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण असं नाही. पण बहुतेक."

"बहुतेक म्हणजे नाही," मास्तर शांतपणे म्हणाले. "भांड्याला एकच भोक असलं तरी पाणी गळतंच."

आक्का आयुष्यात कुणापुढे दबली नव्हती, पण हे तिला लागलं. हातात घेतलेलं काम तिने कधी अर्धवट सोडलं नव्हतं. घरी येताच तिने चहा बंद केला. नवऱ्याच्या ताटाकडे बघणं बंद केलं. नणंदेने हौसेने केलेला केक तिने हात न लावता परत पाठवला, तेव्हा नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, केक नको तर नको. पण नाकाने कांदे सोलू नका."

खरी पंचाईत झाली ती कँटीनमध्ये. प्रत्येक पातेल्यातलं चमचाभर चाखल्याशिवाय आक्काने कधी काही वाढलं नव्हतं. आता चमचाभरसुद्धा चालणार नव्हतं. तिने चव घ्यायचं काम जावेवर सोपवलं.

"ताई, मला नाही हो कळत एवढं," जाऊ म्हणाली.

"जीभ आहे ना तोंडात? मग झालं."

एके दुपारी वाटाण्याचा रस्सा शिजत होता. आक्काने नेहमीच्या अंदाजाने मीठ घातलं आणि ती धान्य उतरवून घ्यायला मागच्या दारी गेली. जावेला वाटलं, मीठ राहिलंय. तिला त्या दिवशी सपाटून सर्दी झाली होती, चाखून काही कळेना. तिने आपल्या हाताने पुन्हा घातलं. जेवणाची घंटा झाली, ताटं भरली, आणि पहिल्याच घासाला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली.

सगळ्यांत जुना ड्रायव्हर, त्याला तात्या म्हणत, ताट घेऊन खिडकीशी आला. "आक्का, आज समुद्र आणलात का बसमध्ये भरून?"

मागे हशा पिकला. जावेच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, मी घातलं. माझं चुकलं."

आक्काने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा पातेल्याकडे. "तुझं नाही चुकलं," ती म्हणाली. "माझं काम मी तुझ्या गळ्यात बांधलं, ते चुकलं. बटाटे सोल पटापट."

तिने चमचा उचलला, रस्सा चाखला, तोंड वेंगाडलं आणि हसली. अर्धा रस्सा बाजूला काढला. उरलेल्यात पाणी, किसलेले बटाटे, टोमॅटो आणि बिनमिठाचे उकडलेले वाटाणे घातले. आच मोठी केली. दर थोड्या वेळाने चाखत राहिली. तोवर थोडा पाव आणि फळं देऊन तिने माणसं थोपवून धरली. मग गरम रस्सा पुन्हा वाढला. तात्याने बोटं चाटून खाल्ला. "आता जमिनीवर आलो," तो म्हणाला.

सगळे गेल्यावर आक्काने दोन कप चहा टाकला. एक जावेला, एक स्वतःला. कित्येक आठवड्यांनी तो पहिला घोट घेतला आणि तिला काही पाप केल्यासारखं वाटलं नाही. मग तिने नेहमीसारखा वाडगाभर मुळा-गाजर खाल्लं. तेही तितक्याच चवीने.

रविवारी ती मंडळात गेली आणि उभ्याउभ्याच बोलली. "मास्तर, मी रोज चाखणार आहे. चहा पिणार आहे. कुणी प्रेमाने केक केला तर दोन तुकडे खाणार आहे. बाकीचं सगळं कच्चं."

मास्तरांनी मान हलवली. "मग तुम्हाला सभासद करून घेता येणार नाही."

"नका करू. पाहुणी म्हणून येईन. पाहुणीला हाकलत नाहीत ना?"

मास्तरांना हसू आवरेना. "पाहुणीने सोबत काही आणलं तर हरकत नाही."

बाहेर पडताना मंडळातल्या एक आजी तिच्यामागून जिना उतरल्या. इकडेतिकडे बघून त्यांनी तिचा हात धरला. "अगं, ते बिस्किट... चहात बुडवलं तर नरम होतं. ते शिजलेलंच धरायचं का?"

"आजी, ते बिस्किट खायचं," आक्का म्हणाली. "आणि संध्याकाळी पपई."

पुढे आक्काने कँटीनच्या खिडकीत चिरलेल्या कच्च्या भाज्यांचं मोठं ताट ठेवायला सुरुवात केली. पहिले काही दिवस ते जसंच्या तसं परत यायचं. मग लांब पल्ल्याचे ड्रायव्हर डबे भरून नेऊ लागले. जेवून गाडी चालवताना डोळे मिटू लागायचे, म्हणून त्यांना ते बरं पडायचं. तात्या मात्र काकडीकडे ढुंकून बघत नसे. आक्कानेही त्याच्यामागे कधी लकडा लावला नाही.

एकदा त्यानेच विचारलं, "आक्का, खरं सांगा, असं अर्धंमुर्धं करून काही होतं का?"

"पुरं करायला गेले तेव्हा तुमच्या पोटात समुद्र गेला होता," आक्का म्हणाली. "ताट पुढे करा. भात संपत आलाय."