वीरगळाला ऑइलपेंट

माझ्या हातात पदवी आली ती गावच्या शाळेतल्या सोनवणे गुरुजींमुळे, आणि मुलाखतीत फजिती झाली तीही त्यांच्यामुळेच. जुन्या वास्तूंच्या जतनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो, याचे कात्रण त्यांनीच आणून दिले. घरी आबा म्हणाले, "पडक्या भिंती सांभाळायला कालिजात जावं लागतं व्हय?"

सकाळच्या एसटीने छत्रपती संभाजीनगरला उतरलो. गुलमंडीत सदरा घेतला. बाह्या बोटांपर्यंत आल्या. दुकानदार म्हणाला, "हात बांधून बसा भैया. साहेब लोकांना तसंच आवडतं."

मुलाखत दौलताबादला, किल्ल्याखाली डागडुजी चालली होती तिथेच होती. पडेगाव मागे पडले आणि किल्ला दिसला. समोर अभ्यासक्रमाच्या मॅडम, शेजारी चुनाकामाचे म्हातारे कारागीर करीमचाचा.

"जतनाचा काही अनुभव?" मॅडमनी विचारले.

"आहे ना! आमच्या गावच्या वीरगळाला (लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड) गुरुजी आणि मी दर पोळ्याला ऑइलपेंट देतो. बैलांच्या शिंगांना लावून उरतो तो. घोडा चंदेरी, तलवार लाल. मिशा मी काढतो."

मॅडमनी पेन खाली ठेवले. चाचा हसता हसता ठसकले. "मिशा भी? अरे राजा, पत्थर कू रेनकोट पिन्हाया तू! अंदर का पानी किधर जाना?"

त्यांनी मला कोणीतरी रंगवलेल्या एका भिंतीपाशी नेले. नखाने टोकरले, तर रंगाबरोबर दगडाचा भुगाच हातात आला. मला आमच्या वीराचे नाक आठवले. मागच्या वर्षी ते गळून पडले, तेव्हा गुरुजींनी सिमेंटने नवे बसवले होते, जुन्यापेक्षा मोठे. मी तेही सांगून टाकले. आता जागा गेलीच होती, मग लपवायचे कशाला?

"हे तुमच्या गुरुजींना कोण सांगणार?" मॅडमनी विचारले.

"मीच."

"मग या सोमवारपासून. आणि पहिलं काम तो रंग काढण्याचं."

चाचांनी नान-खलिया (तंदुरी रोटी आणि मटणाचा रस्सा) खाऊ घातला. नव्या बाह्या रश्श्यात बुडाल्या.

गावच्या फाट्यावर गुरुजी उभेच होते. हातात पोळ्याच्या रंगाचा नवाकोरा डबा, चंदेरी. मी "मिळालं" एवढेच म्हणालो. त्यांनी डबा खाली ठेवून डोळे पुसले. पुढचे बोलायची हिंमत झाली नाही. घरी जाऊन लिहिले आणि गावातल्या पत्रासाठी गावातल्याच पोस्टात तिकीट चिकटवले:

"ती. गुरुजींना सा. न.

आपल्या रंगाखाली दगड सडतो आहे. नाक त्यामुळेच गेले. चूक दोघांची, मिशा तर माझ्याच. रंग काढायला मी शिकून येतो, तोवर घासू नका. डबा बैलांना लावा. राग आला तर मला मारा, पण वीराला आता हात लावू नका."